मी रॅम्प नव्हतेच

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फळी आहे. साध्या लाकडाची, जुनी, अंगभर रंगाचे डाग पडलेली फळी. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय? पण बरीच वर्षं मला भलतंच काहीतरी म्हटलं गेलं आणि त्यापायी एका मुलीचे फार हाल झाले. म्हणून हा खुलासा.

माझा जन्म वखारीतला. करवतीखालून निघाले तेव्हा मी चांगली सरळसोट होते. मला रंगाऱ्यांनी विकत घेतलं. माझ्यावर उभं राहून ते उंच भिंती रंगवायचे. या शाळेच्या भिंती रंगवून झाल्या आणि ते मला इथेच विसरून गेले. विसरले कसले, टेम्पोत जागा नव्हती! शाळेच्या शिपाईमामांनी मला ऑफिसच्या खिडकीखाली दोन विटांवर ठेवलं. मुलं माझ्यावर बसून डबे खायची, एकमेकांच्या खोड्या काढायची. मला ते आवडायचं.

मग एकदा शाळेत लोखंडी कपाट आलं. दाराशी चार उंच पायऱ्या. मामांनी मला पायऱ्यांवर तिरकं टाकलं आणि कपाट वर सरकवलं. नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आत कॉम्प्युटरवर केंद्रीय शिक्षण खात्यासाठी माहिती भरत होत्या. प्रत्येक शाळेला ती दरवर्षी पाठवावी लागते. मुलं किती, वर्ग किती, नळाला पाणी येतं का, चाकाची खुर्ची चढेल असा रॅम्प आहे का. बाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. "हा काय, आहे की रॅम्प!" म्हणाल्या आणि 'आहे'वर खूण केली.

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. केंद्रापर्यंत पोचले म्हणजे काय चेष्टा आहे? कपाट आत गेलं, मी परत खिडकीखाली आले, पण खूण तशीच राहिली. पुढच्या वर्षी बाईंनी मागचीच माहिती पुढे ओढली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मध्ये खात्याने रॅम्प नसलेल्या शाळांना तो बांधून दिला. आमच्याकडे कुणी फिरकलंच नाही. फिरकतील कशाला? आमच्याकडे मी होते ना!

आणि एके दिवशी ठमी आली. तिचे बाबा तिला लाडाने तसं म्हणत. चाकाची खुर्ची ती स्वतः चालवायची, आणि अशी झोकात की बघत राहावं. बाबा बाईंना म्हणाले, "खात्याच्या साइटवर बघितलं, तुमच्याकडे रॅम्प आहे. म्हणून मुद्दाम इथे जवळ घर घेतलं भाड्याने." बाईंचा चेहरा पडला. मामांनी घाईघाईने मला पायऱ्यांवर टाकलं. ठमीने जोर लावला, पुढची चाकं चढली, मी मधोमध वाकले आणि सटकले. बाबांनी खुर्ची पकडली म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून मामा तिला उचलून आत नेऊ लागले. ठमी अंग चोरून घ्यायची. "मी काय पोतं आहे?" असं एकदा म्हणालीसुद्धा. एका दुपारी तिला वर्गात चक्कर आली. बाबा धावत आले. तिला बाहेर आणून माझ्या शेजारी थांबले आणि रागावले, "बाटली भरलेलीच आहे. पाणी का पीत नाहीस गं?"

"प्यायलं की बाथरूमला पायऱ्या उतरून खाली यावं लागतं," ती म्हणाली. "मग मामांना हाक मारा, मग सगळे बघतात. नकोच ते."

वर खिडकीत मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मला तर इतकं वाईट वाटलं की काय सांगू!

थोड्याच दिवसांनी माहिती भरायची वेळ आली. बाई बाहेर आल्या, मला पायऱ्यांवर टाकायला लावलं आणि स्वतः चढून बघितलं. दुसऱ्याच पावलाला मी वाकले, बाई घसरल्या आणि दाराची चौकट धरून कशाबशा उभ्या राहिल्या. तशाच आत गेल्या आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली.

मग खात्यातून फोन आला. "हो साहेब, गेल्या वर्षी 'आहे' लिहिलं होतं... नाही, पडला नाही... अहो नाही, पाडलाही नाही. नव्हताच कधी. फळी होती. फळी! लाकडाची!... हो, चूक माझीच. आधीच्या सगळ्या वर्षांची दुरुस्ती पाठवते." पुढे लेखी खुलासा द्यावा लागला, शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी नाकं मुरडली आणि उत्तम शाळांच्या यादीतून आमचं नाव गेलं.

सिमेंटचा रॅम्प व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर इतर मुलं मैदानात गेली की बाई आणि मामा मिळून ठमीला खाली आणायचे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणीतरी मोठं होऊन शाळेची माहिती भरेल. मागच्या वर्षीचं आहे तसं पुढे ढकलू नका. जागेवरून उठा, बाहेर जाऊन बघा. नसेल तर नाही म्हणा. चार शब्द ऐकून घ्यावे लागले तर घ्या. आणि आम्हा जुन्या फळ्यांवर खुशाल बसा, ते काम आम्हाला नीट जमतं.

रॅम्प खुला झाला त्या दिवशी सकाळपासून ठमीच्या फेऱ्या चालू होत्या. शेवटी वर्गाच्या बाई दारात येऊन ओरडल्या, "अगं, आणखी किती वेळा बाहेर जाशील?"

"पाणी प्यायलेय ना बाई, भरपूर!" ठमी उतारावरूनच ओरडली.