नथीविरुद्ध एकवीस मतं

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत गुढीपाडव्याच्या शोभायात्रेसाठी बायकांचं एक बाईक पथक आहे. तेवीस बायका, नऊवारी, फेटा, गॉगल आणि नथ. पथकप्रमुख सुहासिनी काकूंचा नियम एकच: ज्या बाईच्या नाकात नथ नाही, ती पहिल्या रांगेत नाही. पहिल्या रांगेचे फोटो निघतात. तिच्यामागे सगळी गर्दीच.

माझ्या आईला पहिल्या रांगेत जायचं होतं. पथकात बुलेट खरोखर चालवता येते ती दोघींनाच, रुपालीला आणि आईला. रुपाली तळमजल्यावर राहते. तिच्या सासऱ्यांचा शीळफाट्याजवळ एक मोकळा प्लॉट आहे, तिथे नवऱ्याची बुलेट देऊन तिने आईला दोन महिने गोल गोल फिरवलं. आई तेव्हा एकावन्न वर्षांची होती. बाकीच्या एकवीस जणी स्कूटर आणतात, नाहीतर कुणाच्या तरी मागे बसतात. तरीही गेली दोन वर्षं आई शेवटच्या रांगेत होती, स्पीकरच्या टेम्पोशेजारी.

कारण नथ. पथकाच्या सगळ्या नथी नौपाड्यातल्या एकाच दुकानातून आणलेल्या, एकसारख्या, नाकावर दाबून बसवायच्या. अर्ध्या तासात आईचं नाक लाल व्हायचं आणि तिला नथ काढावी लागायची. मी रसायनशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत धातू तपासते. स्वस्त दागिन्यांत बऱ्याचदा निकेल असतं आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही. आईला हे मी समजावलं होतं, पण ती कुणाला सांगायला तयार नव्हती. "सुहासिनीताई म्हणतील, नाजूक आहे हो आमची मेघना. त्यापेक्षा टेम्पो बरा."

यंदा पोशाखावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं. शेवटी काकूंनी मला बोलावलं. "श्रिया, तू शास्त्र शिकलीस. सगळ्यांची मतं घेऊन टाक बघू एकदा. म्हणजे कटकट मिटेल."

मला तेवढंच हवं होतं. मतदान गुप्त ठेवलं, तर नथ पडेल असा माझा अंदाज होता.

मी चिठ्ठ्या छापल्या. सहा वस्तू, प्रत्येकीपुढे दोन चौकोन: "मनापासून आवडते" आणि "उगाच कौतुक होतं". नाव लिहायचं नाही. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून फक्त फुली मारायची, तीही सगळ्यांनी एकाच पेन्सिलने. मतपेटी म्हणून काकूंचा तांदळाचा डबा. मी पथकात नाही, म्हणून मत दिलं नाही. चिठ्ठ्या वाटण्याआधी, तुलनेसाठी, कोण तोंडाने काय म्हणतं तेही वहीत उतरवून ठेवलं. कोल्हापुरी चपलेला तेवीसच्या तेवीस जणींनी "अहाहा, क्या बात है" या अर्थाचं काहीतरी म्हटलं होतं.

रविवारी काकूंच्या हॉलमध्ये मी निकाल वाचला. गॉगल, सगळ्यांना आवडतो. शिवलेली नऊवारी, अठरा जणींना आवडते. यावर पथकातली देवयानी म्हणाली, "शिवलेली? पण आपण तर सगळ्या नेसतो ना?" मी पुढची ओळ वाचली. फेटा काठावर पास. चंद्रकोर आरामात पास. कोल्हापुरी चप्पल एकोणीस मतांनी नापास.

"नथ," मी म्हटलं. "आवडते, दोन. उगाच कौतुक, एकवीस."

हॉलमध्ये सगळ्या एकमेकींच्या नाकांकडे बघू लागल्या.

"एकवीस?" देवयानी म्हणाली. "कोण गं या?"

"मतदान गुप्त आहे."

"असू दे गुप्त. पण आपल्यातल्याच ना?"

"मला शंका होतीच," काकू म्हणाल्या. "हल्ली बायकांना परंपरेचं ओझं होतं."

"ओझं नाय काकी, चिमटा बसतो," रुपाली म्हणाली. सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत, तेव्हा थांबल्या.

"मग आता समोरासमोर होऊन जाऊ दे," काकू म्हणाल्या. "नथ नको असेल तिने हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

"हवी कुणाला?"

तेवीस हात वर झाले. मी दोनदा मोजले. त्यात आईचाही होता. काकूंनी वहीत लिहिलं: नथ, एकमताने मंजूर. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तुझ्या मोजण्यात काहीतरी चुकलंय हं, बाळा."

घरी आल्यावर आई मटार सोलायला बसली.

"तू का हात वर केलास?" मी विचारलं.

"मला हवी आहे म्हणून."

"अगं, तुझ्यासाठी तर मी हे सगळं केलं."

"ते कळलं मला. त्या दोन मतांतलं एक माझं आहे."

मी खुर्चीत बसले.

"नथ मला फार आवडते, श्रिया. घातली की वाटतं, ही बाई कुठेतरी निघालीय. नाक सुजतं ती वेगळी गोष्ट."

"मग चिठ्ठीत तसं लिहायचं."

"कुठे लिहू? तू चौकोन दिलेस दोन. त्रास होतो का, हे विचारलंस कुठे?"

प्रयोगशाळेत असा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारला असता, तर तो दिवसभर ओशाळला असता. मी मटार सोलू लागले. थोड्या वेळाने उठून आईची नथ आणली आणि तिच्या चापाला बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं. एक थर वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. दुसऱ्या दिवशी तो चाप तिच्या दंडावर आतल्या बाजूला दोन तास चिकटपट्टीने बांधून ठेवला. लाली आली नाही.

"हे आधी का नाही सुचलं?" आईने विचारलं.

"आधी मी नथ पाडायच्या मागे होते."

पाडव्याला सकाळी सहा वाजता पथक गेटपाशी जमलं. गॉगल तेवीस, फेटे तेवीस. नथी दोन. एक आईच्या नाकात, दुसरी रुपालीच्या.

"तू तर चिमटा बसतो म्हणालेलीस," मी रुपालीला म्हटलं.

"बसतोच. पण आवडते ना. तेव्हा बोलले असते तर काकींची चमची ठरले असते."

बाकीच्या एकवीस नथी पर्समध्ये होत्या. मी विचारत गेले आणि प्रत्येकीने तेच उत्तर दिलं: फोटोच्या वेळी घालीन. सुहासिनी काकू देवयानीच्या स्कूटरवर मागे बसून पहिल्या रांगेच्या मधोमध आल्या. आईने बुलेट त्यांच्या शेजारी आणली.

"सुहासिनीताई, नथ?"

"अगं, घालते की फोटोच्या वेळी. आत्तापासून घाम येतो."

"मग फोटोपर्यंत मागे थांबा. नियम तुमचाच आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहिलं. पर्समध्ये कुणीच हात घालेना. देवयानीने स्कूटर मागे घेतली, आणि मला तरी तिचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. तिच्यामागून बाकीच्या. दोन मिनिटांत पहिल्या रांगेत फक्त दोन बुलेट उरल्या आणि एकवीस बायका टेम्पोशेजारी दाटीवाटीने उभ्या राहिल्या.

फडके रोडवर फोटोवाले पुढे धावले. मागे एकवीस पर्स उघडल्या, आरसे निघाले, कुणाची नथ उलटी बसली. तोवर पहिल्या रांगेचे फोटो निघाले होते आणि यात्रा पुढे सरकली होती.

दुपारी घरी मी आईचं नाक उजेडात धरून तपासलं. एका बाजूचं पॉलिश टवकलं होतं आणि तिथे डाळीएवढी लाली होती.

"काढ आता," मी म्हटलं.

"जेवून काढते," आई म्हणाली आणि पानं घ्यायला आत गेली.