आधी विधवांना

सवतीचं तोंड बघितलं की एझिनालाच्या अंगाची आग व्हायची, आणि पुरानंतर तर ते तोंड उठता-बसता समोर. शिरे नदीनं खालचं गाव नेईपर्यंत दोघींच्या झोपड्यांमध्ये चांगलं मक्याचं शेत होतं. उंचवट्यावरच्या नव्या वस्तीत ते अंतर मोजून बारा पावलं झालं. तिकडे लुविझा खोकली तरी इकडे ऐकू येई. झकेयो, म्हणजे दोघींचा मिळून एक नवरा, तो हसला तरी ऐकू येई. आणि हल्ली मेजवानी असल्यासारखा तो तिकडेच हसत असे.

झकेयो मासे धरायचे वेताचे सापळे विणायचा. दिवसभर नदीवर, विणकाम संध्याकाळी. पण पुरात कंदील वाहून गेले होते आणि चुलीच्या उजेडात किती विणणार? एझिनालानं मनाशी पक्कं केलं होतं, आपल्या दारात उजेड आला तर हा माणूस वेताचा भारा उचलून मुकाट आपल्याकडे येईल. तिला दुसरं काही नको होतं. नवऱ्याच्या संध्याकाळी तेवढ्या परत हव्या होत्या.

तेवढ्यात पूरग्रस्तांना सौरदिवे वाटणारी एक संस्था वस्तीवर आली. छपरावर पाटी ठेवायची, ती दिवसा ऊन पिते आणि अंधार पडला की दिवा लागतो. दिवे मात्र थोडे आणि घरं भरपूर, म्हणून ठरलं की आधी विधवांना, बाकीच्यांना पुढच्या खेपेला. पुढची खेप कधी, ते संस्थेलाही ठाऊक नव्हतं.

नावं लिहिणारी पोरगी संध्याकाळी आली तेव्हा एझिनाला मका कांडत होती. पोरीनं नवऱ्याचं विचारलं. नेमका त्याच वेळी पलीकडच्या झोपडीतून झकेयो खदखदून हसला.

"पुरात गेला," एझिनाला म्हणाली.

पोरीनं हळहळून तिचा हात धरला आणि एझिनालाला क्षणभर लाज वाटली. मग तिकडून पुन्हा हसू आलं आणि लाज पार गेली. तिनं झकेयोचं नाव अगदी स्पष्ट, आडनावासकट सांगितलं.

आठवड्यानं गोरखचिंचेखाली वाटप झालं. झकेयो पहाटेच नदीवर गेला होता, त्यामुळे तीही काळजी मिटली. एझिनाला डोक्याला काळं फडकं बांधून विधवांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बघते तर पुढे लुविझा, तिच्याही डोक्याला काळं फडकं!

"तू इथं कशी गं?"

लुविझानं आवाज खाली आणला. "त्यांनीच सांगितलं, ताई. म्हणाले, मी मेलो म्हणून सांग, तुझ्याकडे उजेडात विणायला बरं पडेल."

एझिनालाच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हिच्यासाठी तो आपणहून, हौसेनं मेला होता. आणि तिला मात्र त्याला स्वतः मारावं लागलं होतं. मेल्या नवऱ्यातसुद्धा सवतीचा वाटा मोठाच!

पुढे व्हायचं तेच झालं. यादीवाल्याला एकाच मयताच्या दोन विधवा सापडल्या. त्यानं नरमाईनं सांगितलं की माणूस एक गेला असेल तर दिवाही एकच मिळेल. मग त्यानं मुखियाकडे पाहिलं. मुखिया गाम्बातुला झकेयोचा सख्खा मामा. तो जमिनीवरच्या मुंग्या बघत बसला.

"दिवा माझ्याकडे राहू द्या ना, ताई," लुविझा गोड बोलली. "तुम्हीही येत जा की बसायला."

येत जा बसायला! आपल्याच नवऱ्याला बघायला पाहुणी म्हणून जायचं? एझिनालानं डोक्याचं फडकं ओढून काढलं.

"दिवा हिलाच द्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "विधवा ही आहे. माझा नवरा धडधाकट आहे, नदीवर गेलाय. आणि मुखियाबाबा, गावादेखत सांगते. मेलेला माणूस हिच्या दारात दिसला तर दिवा परत जाईल."

यादीवाला गोंधळून गेला. मुखियानं घसा साफ केला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की त्या नावाचे दोघं होते, एक गेला, एक आहे. रांगेतल्या बायका ओंजळीत तोंड लपवून हसल्या. दिवा लुविझाला मिळाला, पण तिचा चेहरा पार उतरला होता. एझिनाला आयतं पीठ दळून मिळाल्यासारखी समाधानानं घरी आली.

संध्याकाळी झकेयो वेताचा भारा घेऊन निमूट तिच्या दारात येऊन बसला. जाणार कुठं बिचारा! तिनं मक्याच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या न्सिम्याबरोबर सगळ्यात जाडा मासा त्याला वाढला. अंधारात त्याला काटे दिसेनात, म्हणून तो चाचपत जेवला. मग विणायला बसला.

बारा पावलांवर लुविझाच्या दारात पांढराशुभ्र उजेड पडला होता. रांगेतल्या बायका शिवण घेऊन तिथं जमल्या होत्या आणि लुविझा हसत होती. त्या उजेडाची एक फिकी तिरीप एझिनालाच्या अंगणापर्यंत येत होती. झकेयोची बोटं वेतावर होती आणि तोंड तिकडे.

"काय बघताय?"

"काही नाही," तो म्हणाला.

एझिनाला उठली आणि मुद्दाम त्याच्या समोर, लुविझाच्या दाराकडे पाठ करून बसली. आता बघ म्हणावं कुणाला बघायचंय ते.

झकेयोचे हात थांबले. त्यानं मान वाकडी करून बघितलं.

"जरा सरक," तो म्हणाला. "उजेड अडतोय."