एकतीस नंबरची पिशवी

कारखान्यात मला सगळे वजनमावशी म्हणतात. बारा वर्षं मी बाळांचे वापरलेले डायपर तोलते आहे. हसायचं असेल तर हसून घ्या, माझी सख्खी बहीणसुद्धा हसते आणि पाहुण्यांत सांगते की ताई लॅबमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे.

खाली लाइनवर मिनिटाला पाचशे डायपर निघतात. प्रत्येकावर कॅमेऱ्याची नजर असते, पट्टी जरा वाकडी दिसली की हवेच्या फटक्याने तो डायपर बाजूला उडतो. पण कॅमेऱ्याला दिसतो तो कोरा माल. ओला झाल्यावर तो काय दिवे लावतो हे बघायला आमची चाळीस घरं आहेत. त्या घरांतल्या आया आमचे डायपर आपल्या बाळांना लावतात, काढला की पिशवीत बंद करतात, वर वेळ लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी गाडीवाले काका सगळ्या पिशव्या गोळा करून माझ्या टेबलावर आणून ओततात. ओल्या वजनातून कोऱ्याचं वजन वजा केलं की बाळाने किती शू केली ते ग्रॅममध्ये कळतं. गळती किती, ओल शोषणारं आतलं जेल सगळीकडे सारखं पसरलंय का, हे त्यावरून ठरतं. घरांना फक्त नंबर असतात. नाव कळलं की माणूस आकड्यात दयामाया कालवतो, असं साहेबांचं मत आहे.

काही आया लबाडी करतात. दिवसाला सहा पिशव्या द्यायच्या असतात, त्या भरत नसल्या की न वापरलेलेच डायपर चुरगळून पाठवतात. असं घर सापडलं की मी त्याच्या नंबरापुढे लाल फुली मारते. फुली पडली की पुढचे तीन दिवस त्या घराच्या पिशव्या न तोलता थेट कचऱ्याच्या पेटीत जातात. नियम माझाच, मीच साहेबांच्या गळी उतरवलेला, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

सोमवारी एकतीस नंबरच्या पिशव्या उघडल्या. रविवारच्या. सहापैकी तीन जवळजवळ कोरड्या, उरलेल्या तिन्हींचं मिळून शहाण्णव ग्रॅम. दीड महिन्याचं बाळ, आदल्या दिवशी याच घराचे दोनशे नव्वद होते. वर बाईंनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिलेला, ‘एकदम कोरडा. फार छान.’ माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, आम्हालाच लोणी लावतेय. फडताळातून लाल पेन काढलं आणि एकतीसपुढे अशी फुली ओढली की ती कागदाच्या मागून उमटली.

मंगळवारी खाली जेलची नळी तुंबली. मी दिवसभर लाइनवर होते. माझ्या टेबलावर बसलेल्या मुलीने फुली बघितली आणि एकतीसच्या पिशव्या पेटीत टाकल्या. तिचं काही चुकलं नाही, मीच तिला तसं शिकवलं होतं.

बुधवारी दुपारी पेटी रिकामी करायला मी उचलली. वरच एकतीसची ताजी पिशवी होती, मंगळवारची. हातात घेतली आणि लागलीच कळलं की आत काहीच नाही. पण डायपर वापरलेला होता. मांडीपाशी चुण्या पडलेल्या, चिकटपट्टी दोनदा उघडून लावलेली. बाळ त्यात झोपलं होतं, हललं होतं. आणि मधोमध विटेची पूड सांडल्यासारखा नारिंगी डाग होता.

क्वालिटीचे साहेब मागे उभे होते. माझ्या मुलाच्या वयाचे, पण मी त्यांना साहेबच म्हणते. त्यांनी डाग बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“गंज आहे हा,” ते म्हणाले. “रोलरचा गंज मालात आला. मावशी, पिशवीला हात लावू नका.”

“साहेब, हा गंज नाही.”

“मग काय आहे?”

सव्वीस वर्षांपूर्वी हाच रंग मी एका सुती लंगोटावर बघितला होता. माझी पहिली मुलगी, एकोणचाळीस दिवसांची. तापलेले दिवस होते, ती दूध ओढायची नाही, नुसती झोपायची. मला वाटलं, किती गुणाची पोर. लंगोट कोरडे राहायचे आणि मला बरं वाटायचं, तेवढंच धुणं कमी. तिसऱ्या दिवशी हा नारिंगी डाग पडला, तो मी साबण लावून घासला. चौथ्या दिवशी ती गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं की अंगातलं पाणी आटलं की बाळाच्या शूमधून असे खडे उतरतात.

“ते बाळ सुकतंय साहेब,” मी म्हटलं. “रविवारपासून सुकतंय. आपल्याला आत्ता त्या घरी जायला पाहिजे.”

साहेब फोनवर होते. दोन मिनिटांत लाइन थांबली. सकाळपासूनचा सगळा माल बाजूला काढायचा हुकूम सुटला, फिटर रोलर पुसायला पळाला, तिघं जण टॉर्च घेऊन यंत्राखाली शिरले. न झालेल्या गंजासाठी माणसं जिवाच्या आकांताने धावत होती आणि मी साहेबांच्या बाहीला धरून उभी होते.

“मावशी, लाइनचं आधी बघू द्या. पत्त्याचं तुम्ही रेकॉर्डमध्ये विचारा,” त्यांनी बाही सोडवून घेतली.

रेकॉर्डमधल्या बाई वाईट नाहीत. पण त्यांच्या कपाटाला कुलूप आहे आणि त्यांच्या डोक्यालाही. लॅबच्या माणसाला घराचं नाव सांगायचं नाही, सांगितलं तर त्यांच्यावर बालंट येणार. मी हात जोडले. मग त्यांनी फोन लावून बघितला.

“उचलत नाहीत. नियमाप्रमाणे दोन तासांनी परत करायचा. तीनदा नाही उचलला तर पत्र पाठवायचं.”

“पत्र वाचायला बाळ उरायला पाहिजे.”

“असं अभद्र बोलू नका हो मावशी.”

“मग काय गोड बोलू? तुमच्या नातवाचे तीन लंगोट कोरडे निघाले असते तर दोन तास थांबला असता?”

त्या रडवेल्या झाल्या, पण किल्ली काही काढली नाही. मी त्यांच्या टेबलावर मूठ आपटली. बारा वर्षांत मी तिथे आवाज चढवला नव्हता. आता चढला तर काही उपयोगच नव्हता, कारण ऐकायला खोलीत आम्ही दोघीच होतो.

तेव्हा मला गाडीवाले काका आठवले. मी पायऱ्यांवरून धावले. या गुडघ्यांनी कशी धावले ते देवाला ठाऊक. काका फाटकापाशी गाडी वळवत होते.

“काका, एकतीस कुठे राहते?”

“नाव नाही माहीत.”

“नाव नकोय मला. जिना सांगा.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेजारचं दार उघडलं. साहेबांना विचारलंत का, गेटपास आहे का, काही म्हणाले नाहीत. वाटेत एवढंच बोलले की सोमवारी बाई दाराशी आली तेव्हा बाळ खांद्यावर होतं आणि मान अगदीच टाकलेली होती. “मला वाटलं, झोपलंय,” ते म्हणाले. आम्हा सगळ्यांनाच ते झोपलंय असं वाटलं होतं.

तिसरा मजला. घंटा वाजवली तर आतून कुणी आलं नाही. मी दारावर थापा मारल्या. शेवटी एका तरण्या बाईने दार किलकिलं केलं. केस विस्कटलेले, ओठावर बोट.

“हळू,” ती म्हणाली. “आत्ता कुठे झोपलाय. मी फोनचा आवाजसुद्धा बंद ठेवलाय.”

मी कारखान्यातून आले म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. नवरा कामासाठी दूर, सासू-आई कुणी जवळ नाही, चार दिवसांत माणसाशी बोलली नव्हती बहुतेक. “तुमचे डायपर फार चांगले आहेत हो,” ती सांगायला लागली. “पहिल्या आठवड्यात सारखे बदलावे लागायचे. आता बघा, चार-चार तास कोरडे. तो रडतसुद्धा नाही आता.”

मी तिला बाजूला सारून आत गेले. पाळणा खिडकीखाली होता, ऊन थेट त्यावर. बाळाची टाळू खोल गेलेली. ओठ पापडलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मी त्याच्या तळव्यावर टिचकी मारली तर त्याने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले.

“दूध घेतो का?”

“घेतो… म्हणजे लावते मी. तो लगेच झोपतो.” तिचा आवाज बारीक झाला. “काय झालं? का असं बघताय?”

“उचल त्याला. चप्पल घाल नाहीतर नको घालू. चल.”

ती अनवाणीच उतरली. काकांनी हॉर्नवरचा हात काढला नाही. ती सारखी विचारत होती, काय झालं, सांगा ना काय झालं, आणि मी फक्त सांगत होते की त्याला जागं ठेव, तळवे चोळ. देवाला मी सव्वीस वर्षांत काही मागितलं नव्हतं, आमचं बोलणंच बंद होतं. त्या गाडीत मागितलं.

दवाखान्यात बाळाला आत नेलं. शीर सापडेना. पायाला सापडेना, हाताला सापडेना, शेवटी डोक्याला सुई टोचली ते दाराच्या काचेतून आम्हा दोघींना दिसलं. त्या पोरीने माझा दंड असा धरला की नखं रुतली. मग बाकावर बसली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायला लागली.

“मी आई आहे त्याची. मला कसं कळलं नाही? मी तर खूश होते हो. मी शेरे लिहीत होते, छान म्हणून. कसली आई मी.”

हेच शब्द मी सव्वीस वर्षं स्वतःला ऐकवत आले. मी तिचे हात धरले. फुलीचं तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तुझं काही चुकलं नाही पोरी, एवढंच म्हणत राहिले, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिने मला मावशी म्हटलं. मला ते ऐकवेना आणि तिचं डोकंही बाजूला करवेना.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले. सलाईन चालू आहे, म्हणाले. मूत्रपिंडांवर ताण आलाय, किती ते शू झाल्यावर कळेल. अजून झालेली नाही.

“गेल्या चार-पाच दिवसांत किती वेळा केली, किती केली, अंदाजे तरी सांगा,” ते म्हणाले. “कधीपासून कमी झाली त्यावर पुढचं ठरवायचंय. रोजचं लिहून द्या.”

ती गांगरली. “मला नाही आठवत. सगळे दिवस सारखेच…” मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत आशा आली. “यांच्याकडे आहे. या तोलतात सगळं. मावशी, तुम्हाला माहीत असेल ना?”

नर्सने कागद आणि पेन दिलं. तिने कागद मांडीवर घेतला, वार एकाखाली एक लिहिले. अक्षर तेच, पिशवीवरचं.

“शुक्रवार,” ती म्हणाली.

“तीनशे दहा ग्रॅम.”

“शनिवार.”

“दोनशे नव्वद.”

“रविवार.”

“शहाण्णव.”

तिने लिहिलं आणि त्या आकड्याकडे बघत राहिली. “इतकी एकदम कमी? हे तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारी दुपारी.”

“मग…” डॉक्टर उभे होते. तिने पेन खाली सरकवलं. “सोमवार किती?”

“सोमवारचा आकडा नाही.”

“असेल ना. मी सहा पिशव्या दिल्या होत्या. काकांच्या हातात दिल्या.”

“आल्या होत्या. तोललं नाही. कालचंही नाही, आज पिशवी नुसती हातात धरली.” “मला वाटलं तुम्ही न वापरलेले पाठवताय. मी तुमच्या नंबरावर फुली मारली. फुली मारली की आम्ही तोलत नाही.”

तिला समजायला वेळ लागला. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले, कारण दुसरीकडे बघायचा मला हक्क नव्हता. माझ्या खांद्याला टेकलेली होती ती सरळ होऊन बसली, आणि आमच्या दोघींमध्ये बाकाची वीतभर जागा रिकामी झाली.

“डॉक्टरांना कागद द्यायचाय,” ती म्हणाली आणि पेन माझ्यापुढे धरलं. “तिथे काय लिहायचं ते तुम्ही लिहा.”

मी सोमवारपुढे लिहिलं, तोललं नाही. मंगळवारपुढे लिहिलं, तोललं नाही, डाग होता. लिहून होईपर्यंत ती उठून काचेपाशी गेली होती. नर्स आतून बाहेर आली तेव्हा मीही उठले आणि विचारलं, झाली का शू. तिने मान हलवली, अजून नाही, आणि विचारलं की तुम्ही बाळाच्या कोण.