आवतणाचं वाक्य

"मोहिनीताईंशी बोलायचं होतं," असं पलीकडून ऐकताच देविदास सरांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. दिवाळी अंकाचे संपादक होते. ताईंचा फोन लागत नाही, म्हणून गोष्टीखाली लिहिलेला दुसरा नंबर लावला म्हणाले. मिनोटॉरची गोष्ट आम्ही घेतली आहे, फार सुंदर आहे, असंही म्हणाले.

मिनोटॉर सरांचा होता! ग्रीकांच्या पुराणातला राक्षस, धड माणसाचं आणि डोकं बैलाचं. राजानं त्याला भुलभुलैयात कोंडलं आणि एका वीरानं येऊन मारलं. हल्ली जगभरचे कादंबरीकार असल्या राक्षसांच्या कहाण्या त्यांच्या बाजूनं नव्यानं लिहितात, आपणही मराठीत लिहिणार, हे सर आखाडा बाळापूरच्या कॉलेजात लागल्यापासून सांगत होते. कादंबरीचं नाव ठरलं होतं, अर्पणपत्रिका ठरली होती. लिहायची तेवढी राहिली होती. बायकोला ती कहाणी त्यांनीच सांगितली, मेथी निवडता निवडता. म्हणजे मेथी मोहिनी निवडत होती. आणि ही बाई, बारावीपर्यंत शिकलेली, लिहून मोकळी.

सरांनी तिची गोष्ट चोरून वाचली होती. त्या गोष्टीत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी राक्षसाची आई भुलभुलैयात शिरते. बैलाला करतात तशी त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळते आणि कानात म्हणते, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाया या.' जन्मात त्याला कुणी जेवायला बोलावलेलं नसतं. सकाळी वीर तलवार घेऊन येतो, तेव्हा राक्षस अंघोळ करून वाट पाहत बसलेला असतो. न्यायलाच आलेत असं समजून उठून पुढे येतो.

वाचून सरांचे डोळे भरले होते आणि पाठोपाठ अंगाचा तिळपापड झाला होता. आपल्याला हे कधीच सुचलं नसतं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

संपादकांना एकच शंका होती. आवतणाचं ते वाक्य शहरातल्या वाचकांना कळेल का? ताईंना विचारून सांगता का, ठेवायचं की काढायचं?

"विचारायचं काय त्यात? काढा," सर म्हणाले.

घरात त्यांनी फोनचा विषयच काढला नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दोघं साखऱ्याला, मोहिनीच्या माहेरी गेले. संध्याकाळी सासरे पुंजाजी पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावत होते. एकेकाच्या कानाशी वाकून, पाहुण्याला द्यावं तसं अदबीनं, आवतण देत होते. सर बाजेवर चहा घेत बसले होते. मोहिनी येऊन शेजारी टेकली.

"काल संपादकांचा मला फोन आला होता," ती हळूच म्हणाली.

सरांनी कप खाली ठेवला. आता सासऱ्यांदेखत वाभाडे निघणार. कहाणी मुळात कुणाची, हे उत्तर त्यांनी तयार ठेवलं.

"ते वाक्य काढा म्हणून तुमी सांगितलं म्हणले. काढू का ठेवू, मला इचारू लागले. मी म्हणलं, सरांनी सांगितलं तर बराबरच असंल. काढा."

सरांनी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही.

"पण त्यात चुकलं काहून, तेवढं सांगा. मला लई आवडलं होतं ते."

खरं सांगून टाकता आलं असतं. संपादकांचा नंबर खिशातल्या फोनमध्ये होता. सरांनी घसा साफ केला आणि वर्गात सांगतात तसं सांगायला सुरुवात केली. वाक्य जास्तच हळवं होतं, गावापुरतं होतं, राक्षस शेवटी राक्षस वाटला पाहिजे. बोलता बोलता त्यांना स्वतःचंच पटू लागलं. ती मान हलवत सगळं मनापासून ऐकत होती.

मग ती घरात गेली आणि चार-पाच कागद घेऊन आली.

"दुसरी लिहून राहिले," ती म्हणाली. "काय काढायचं ते तुमीच सांगा."

कागद त्यांच्या मांडीवर ठेवून ती चुलीकडे वळली. सर वाचू लागले. दुसऱ्या पानावर एका ओळीपाशी त्यांचे डोळे पुन्हा भरले. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, आणि पेनचं टोपण काढलं.