शहाण्णव हजारांचा हट्ट

सुनेचं एक लक्षण उरुमकानला मुळीच खपत नव्हतं. सासू बोलत असताना ती कानांवर काळी झापडं चढवून लॅपटॉपपुढे बसायची. घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावतात हे ठीक. माणसाच्या कानांना कशाला? विचारावं, तर उत्तर ठरलेलं. "होय, आपा." "नाही, आपा." लग्नाला तीन वर्षं झाली, पण जिपारच्या तोंडून याहून जास्त शब्द निघाला नव्हता. नवरा रशियात बांधकामावर. त्याच्याशी तरी फोनवर बोलत होती की नाही, देव जाणे.

आज मात्र त्या झापडांवाचूनच अडलं होतं. उरुमकानच्या घशात गाठ होती. उद्या बिश्केकच्या इस्पितळात ती कापायची होती, आणि आवाज राहील याची हमी नाही, असं डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. आवाज गेला की कोशोक गेलं. माणूस मेलं की बायकांनी गायचा तो विलाप तिला तिच्या सासूनं दिला होता. अख्ख्या खोऱ्यात आता तो दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि एका संग्रहालयाला तो ध्वनिमुद्रित करून हवा होता.

म्हणून सकाळपासून दोघी गवताच्या कोठारात होत्या. घरात कुणी मेलेलं नसताना घराच्या छपराखाली कोशोक गायचं नसतं. लॅपटॉप पेंढ्यांवर, माइक दोरीनं टांगलेला, वीज लांब वायरनं घरातून आणलेली. बाराला टॅक्सी येणार होती.

उरुमकान रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून बसली आणि तासभर गायली. एक कडवं गाळलं नाही. घसा असा सोलवटला, की थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी आलं. मग ती वळली. सून पांढरीफटक पडली होती.

"काय झालं?"

"नीट आलं नाही, आपा."

जिपारनं झापडं काढून सासूच्या कानांवर ठेवली. उरुमकानला स्वतःचा आवाज ऐकू आला, आणि ओळीओळीला कुणीतरी सूर्यफुलाच्या बिया फोडत होतं. कट्. कट्. मध्येच अख्खा शब्द गायब.

"हे कधीपासून?"

"पहिल्या कडव्यापासून."

"आणि तू तासभर ऐकत बसलीस?"

"मी हात हलवला, आपा. तुमचं तोंड भिंतीकडे होतं."

"आणि तुझं तोंड कुठे होतं?"

जिपारनं मान खाली घातली. गाणाऱ्या बाईला मध्येच तोडायचं नाही, सासूला तर नाहीच नाही, हे तिला शिकवलं कुणी? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, पहिला चहा ओतून घेताना, खुद्द उरुमकाननं. हे आठवलं तसा तिचा राग आणखीच भडकला.

"खोट कुठे आहे ते सांग. लवकर."

"संग्रहालयाच्या माणसानं शहाण्णव हजार मागितलंय. म्हणजे एका सेकंदात आवाजाचे तेवढे तुकडे टिपायचे. माइकला ते जमतं. पण ह्या लॅपटॉपची धाव अठ्ठेचाळीस हजारांपर्यंतच. मी त्याला बळंच शहाण्णववर लावला. त्याला एवढं गिळवत नाही, मग घास सांडतो. ती कटकट त्याचीच."

एवढं बोलणं! लग्नाआधी ही पोरगी नारीन शहरात रेडिओवर कामाला होती, हे उरुमकान विसरूनच गेली होती.

"तुला आधी ठाऊक होतं?"

"शंका होती. पण तुम्ही म्हणालात, पाहुण्यापुढे अर्धी मेंढी ठेवतात का? शहाण्णव म्हणजे शहाण्णव."

म्हणाली होती खरी.

"अठ्ठेचाळीसवर घेतलं तर काय बिघडेल?"

"माणसाच्या कानाला काही नाही. त्यावरचं वटवाघळांनी ऐकायचं."

बाहेर भोंगा वाजला. टॅक्सीवाल्या मेदेरनं दारातून डोकं आत घातलं. "आपा, चला! गाडीत माणसं खोळंबलीत." मग घोळ ऐकून म्हणाला, "हात्तिच्या! अठ्ठेचाळीसवर घ्या, मागाहून यंत्राकडून त्याचं शहाण्णव करून घ्या. माझा मेहुणा लग्नाच्या व्हिडिओंना तेच करतो."

"तुझा मेहुणा घोडीच्या दुधाच्या किमिझमध्येही पाणी घालत असेल. गप उभा राहा." ती सुनेकडे वळली. "अठ्ठेचाळीस आहे तर अठ्ठेचाळीसच लिहून पाठव. पटलं तर घेतील, नाहीतर बसतील वटवाघळं ऐकत. लाव."

मेलेलं कुणी नाही आणि एका दिवसात दोनदा कोशोक. अपशकुन टळावा म्हणून मेदेर दाराबाहेर थुंकला. उरुमकान पुन्हा भिंतीकडे वळली. निम्मा आवाज तर सकाळीच खर्ची पडला होता. पहिलं कडवं निभावलं, दुसरं निभावलं. तिसरं रिकाम्या खोगिराच्या घोड्याचं. त्याची वरची तान तिनं कशीबशी गाठली, आणि—

"थांबा!"

पत्र्याचं छप्पर दणाणलं. उरुमकान दचकून वळली. जिपार उभी होती, हात वर, चेहरा लालबुंद.

"थांबा, आपा! पुन्हा फुटतंय. आता एक शब्दही बोलू नका. घसा राखा."

मेदेरनं आ वासला. सासूला गप्प बसवणारी सून त्यानं बापजन्मात पाहिली नव्हती.

जिपारची बोटं भराभर चालत होती. "प्रोग्राममध्ये आकडा उतरवला, पण लॅपटॉपच्या आतल्या यादीत माइक शहाण्णववरच राहिला. दोन ठिकाणी दोन आकडे, दोन कडवी कसंबसं निभावलं, मग पुन्हा घास सांडला. ही चूक माझी." तिनं माइकवर टिचकी मारली, ऐकलं, पुन्हा मारली, पुन्हा ऐकलं. उरुमकानच्या जिभेवर रक्ताची चव आली होती. बाहेर भोंगा सलग वाजत होता. गाडीतलंच कुणीतरी वैतागलं होतं.

"दोन कडवी स्वच्छ आली आहेत. घोड्यापासून धरा."

उरुमकाननं धरलं. पुढं काय गायलं हे तिचं तिला धड कळलं नाही. शेवटची ओळ अर्धी आवाजानं आणि अर्धी नुसत्या श्वासानं निघाली.

जिपार बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली.

"आलं, आपा. सगळं आलं."

उरुमकान भिंतीला धरून उठली, घागऱ्यावरचं गवत झटकलं, आणि उरल्यासुरल्या फाटक्या आवाजात, पण मेदेरलाही ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली:

"सकाळचा तास तू वाया घालवलास, ते मी विसरायची नाही. पण 'थांबा' झकास म्हणालीस. उद्या डॉक्टरनं माझा आवाज काढून घेतला, तर ह्या घरात ओरडायला कुणीतरी लागेल. मेंढ्यांवर, शेजाऱ्यांवर, माझ्या त्या पोरावर. ते काम आता तुझं. आणि मी चुकले, तर माझ्यावरसुद्धा."