बिनआवाजाची डबी

"बोथट आहे!"

भिंतीपलीकडून थोरला ओरडला आणि कातार्‍याने बटण दाबून लेथ थांबवली. पट्टा दोन गिरक्या घेऊन सुस्तावला. कातार्‍याने पटाशीच्या धारेवरून अंगठा फिरवला. होती खरंच बोथट.

"आहे की नाही?"

"आहे, दादा."

"मग लाकूड कातत होतास की ओरबाडत होतास?"

कातारी दगडावर पटाशी घासायला लागला. तेही पलीकडे ऐकू जात होतंच. काचबिंदूने थोरल्याचे डोळे नेले, तोवर ही लेथ त्याचीच होती. धाकट्याला पटाशी धरायला त्यानेच शिकवलं. आता घराच्या मधोमध भिंत आहे, अंगण तेवढं सामाईक. भिंतीच्या एका अंगाला लेथ आणि दुसर्‍या अंगाला, बरोबर तिच्या पाठीला पाठ लावून, थोरल्याची खाट. दुपारचा तासभर सोडला तर माणूस खाटेवरून हलत नाही, पण ह्या घरात त्याच्या नकळत खिळा पडत नाही.

गावात ह्यांची डबी म्हणजे बियाण्याची डबी. दुधी, वांगी, मिरची, ज्याचं जे निवडक बी असेल ते तिच्यात. झाकण असं बसतं की ओढलं की 'टप्प' म्हणतं. पावट्याची शेंग फुटावी तसं. टप्प म्हणजे हवा आत जात नाही, हवा नाही तर कीड नाही. हे गावाला थोरल्याने शिकवलं. त्यामुळे आजही बाजारात गिर्‍हाईक डबी आधी कानाशी नेतं आणि मग डोळ्यांनी बघतं.

असं असताना वहिनी आली आणि म्हणाली, आवाज नको.

दुपारची आली. त्या वेळी थोरला चक्कीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. चक्कीवाला स्वतः हात धरून नेतो आणि आणून सोडतो.

"भाऊजी, एक डबी करून द्या."

"कसलं बी ठेवायचंय?"

"बी नाही."

"मग काय?"

"मावेल ते." तिने बोटं जुळवून दाखवलं. "लिंबाएवढी. आणि उघडताना आवाज नको."

कातार्‍याने कानातला भुसा झटकला. "मग सैल ठेवतो झाकण."

"सैल नको. उपडी केली तरी पडायला नको. उघडली तरी कळायला नको."

"कळायला नको कुणाला?"

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. "ह्या घरात ऐकणारा एकच आहे, भाऊजी."

आणि पदरात ओंजळभर ढलप्या चुलीसाठी गोळा करून, जणू त्याच न्यायला आली होती अशी, निघून गेली.

*

"फुलं!" कातार्‍याची बायको म्हणाली.

"कसली फुलं?"

"कसली फुलं विचारताय! तुमच्या आईच्या कानातली. सोन्याची. ती गेल्यापासून कुणाच्या नजरेला पडली? मी काय खुळी आहे? वाटण्या झाल्या, पाटा मोजला, वरवंटा मोजला, फुलांचं नाव कुणी काढलं?"

"आईची फुलं वहिनीकडे?"

"मग काय माझ्याकडे? लिंबाएवढी डबी म्हणे. फुलं ठेवायला लिंबाएवढीच लागते."

"लिंबाएवढ्या डबीत सतरा गोष्टी मावतात."

"मावतात ना. मग तिने नाव का नाही घेतलं एकीचंही?"

संशय डोळ्यात गेलेल्या भुशासारखा असतो. चोळाल तितका आत जातो. दुसर्‍या दिवशी कातारी अंगणात उभा राहून वहिनीच्या दाराकडे बघत होता. वहिनी धुणं वाळत घालत होती. वाळत घालतेय की काही गुंडाळतेय, असं त्याला वाटलं.

*

खाटेवरून:

"साखरेचा डबा उघडलास. आत्ता तर चहा झाला."

"पेटीची कडी वाजली. काय शोधतेस पेटीत?"

"कागद कसला तो?"

"फडताळाचं उजवं दार कशाला? मिठाची बरणी डाव्या बाजूला आहे."

"थांबलीस का? चालता चालता थांबलीस, ऐकलं मी."

कातारी हे रोज ऐकायचा. गावात सांगायचाही, आमच्या दादाचे कान म्हणजे काय विचारू नका! लोक हसायचे, तोही हसायचा. वहिनी काय उत्तर देते ते मात्र त्याने कधी ऐकलं नव्हतं. ती देतच नसेल बहुतेक.

*

शिसवीचा सुका तुकडा त्याने लेथला लावला. आधी झाकण पोखरलं आणि कापून वेगळं केलं. मग डबीचं पोट. मग गळा, म्हणजे डबीची जी कड झाकणात शिरते ती. सगळी कला गळ्यात. एक हलका हात जास्त फिरला की झाकण लोंबतं, कमी फिरला की हलत नाही.

लेथ थांबल्याबरोबर पलीकडून प्रश्न आला. "एवढंसं काय कातलंस?"

"डबी, दादा."

"लिंबाएवढी वाटली. त्यात बी कुठलं मावणार?"

"सुयांची आहे. चक्कीवाल्याच्या घरून सांगितलीय."

"हं," थोरला म्हणाला.

आता कातार्‍याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. बिनआवाजाची डबी त्याला येत नव्हती असं नाही. पण त्याने गळा नेहमीसारखाच घट्ट ठेवला, चांगला टप्प वाजेल असा. आणि वर सुका साबण घासला. साबणाने झाकण बोटावरून अंगठी उतरावी तसं मुकाट उतरतं. पण किती दिवस? आठ-दहा वेळा उघडझाप झाली की साबण जातो, आणि मग डबी बोलते. बोलली की दादा विचारेल. दादाने विचारलं की फुलं बाहेर येतील. आपण मध्ये कुठेच नाही. आपण फक्त डबी केली.

वहिनीने डबी घेतली आणि तिथेच उघडून बघितली. मिटली. परत उघडली. आवाज नाही. ती कातार्‍याकडे बघून हसली. ती हसलेली त्याने कधी पाहिली होती ते त्याला आठवेना, आणि त्या आठवण्याच्या खटाटोपात 'वहिनी, जरा द्या इकडे, नीट करून देतो' हे म्हणायचं राहून गेलं.

*

मळभाचे दिवस होते. शेतातली ढेकळं घाम आल्यासारखी ओली दिसत होती आणि घरोघरची लाकडं फुगली होती. गावात कुणाचं दार धड लागत नव्हतं. चक्कीवाला थोरल्याला घेऊन आला, खाटेवर बसवला आणि दारात पाणी पीत उभा राहिला.

टप्प.

लेथ बंद होती, त्यामुळे कातार्‍यानेही ऐकलं.

"काय ते?" थोरला म्हणाला.

"काही नाही."

"लिंबाएवढी. शिसवी." मग आवाज चढला. "काय हो चक्कीवाले, तुमच्या घरून सुयांची डबी सांगितली होती ना?"

"आमच्या घरून? छे! आमच्याकडे सुया कागदातच असतात."

"मला वाटलंच. लहान्या! इकडे ये!"

कातारी गेला. मागून बायको आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती हात पुसत तयारच होती. वहिनी फडताळाशी उभी होती, डबी मुठीत.

"आण इकडे," थोरला म्हणाला.

तिने डबी त्याच्या हातावर ठेवली. त्याने झाकण काढलं, टप्प, आणि बोट आत घातलं. बोट गोल फिरवलं. परत फिरवलं.

"रिकामी?"

"रिकामीच आहे."

"काय होतं हिच्यात?"

"काही नव्हतं. काय ठेवायचं ते अजून ठरलं नाही."

"रिकामी डबी कुणी लपवतं का?" कातार्‍याची बायको पुढे झाली. "हळूच काढून घेतली असतील फुलं!"

"कसली फुलं?" वहिनीने विचारलं.

"आहाहा! सासूबाईंच्या कानातली!"

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "ती त्यांच्या कानातच गेली गं. काढवेनात मला. तुम्ही दोघं लाकूड आणायला गेला होता, आम्ही तिघी बायकांनी मिळून त्यांना शेवटची अंघोळ घातली. विचार चक्कीवाल्यांच्या बायकोला."

चक्कीवाल्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "हो, आमची म्हणाली होती खरी. मी म्हटलं, घरच्यांना माहीत असेल."

"हो, कानात गेली!" बायको पुटपुटली. "तीन बायका, आणि एकीनेही काढली नाहीत म्हणे." पण तिचा आवाज आता लोंबत्या झाकणासारखा झाला होता.

थोरल्याचं ह्या कशाकडेच लक्ष नव्हतं. तो गळ्यावरून अंगठा फिरवत होता. मग त्याने डबी नाकाशी नेली.

"साबण," तो म्हणाला.

त्याने तोंड धाकट्याकडे वळवलं.

"गळ्याला साबण लावलास, लहान्या. मला ऐकू जाऊ नये म्हणून. ज्याने तुझ्या हातात पटाशी दिली त्याच्या कानाला साबण लावलास."

"तसं नाही, दादा."

"मग कसं?"

कसं ते सांगता येण्यासारखं नव्हतं. कातार्‍याने वर पाहिलं. वहिनी त्याच्याकडे बघत होती. तिला थोरल्याहून जास्त कळलं होतं. बिनआवाजाची डबी करणारा साबण लावत नाही. साबण लावणारा तो जायची वाट बघत असतो.

"बरोबर आहे," ती हळू म्हणाली. "साबणच."

*

डबी थोरल्याने स्वतःच्या खिशात ठेवली.

मग दिवसभर चालू झालं. टप्प. जेवताना, टप्प. वहिनी पाणी भरताना, टप्प. पोरांच्या हाती खुळखुळा लागावा तसं. कातारी लेथवर असला की थोरला आता भिंतीपलीकडे नसायचा, कुणाचा तरी हात धरून येऊन थेट लेथशेजारी पोत्यावर बसायचा. पटाशीच्या प्रत्येक फेर्‍याला कान लावायचा.

"हे काय करतोस?"

"डबी, दादा."

"कुणाची?"

"मिरचीच्या बियांची."

"खडखडवून दाखव बी आणल्यावर."

इतक्या उघडझापीने काय व्हायचं ते झालं. गळा झिजला. एके दिवशी थोरल्याने डबी कानाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "आवाज बसला हिचा. घट्ट कर."

"झिजलेला गळा घट्ट कसा होणार? त्याच तुकड्यातून नवी करून देतो. हिच्याहून खणखणीत."

"आणि ही?"

"घालतो चुलीत."

"माझ्यासमोर घाल."

कातार्‍याने नवी डबी कातली, थोरल्याच्या कानादेखत, धारदार पटाशीने. असा गळा त्याने आयुष्यात कातला नव्हता. टप्प वाजलं तेव्हा थोरल्याच्या तोंडावर जुनं उस्तादाचं हसू आलं. "अस्सं!" तो म्हणाला. मग त्याने चुलीकडे तोंड केलं. कातार्‍याने शिसवीचा उरलेला टवका विस्तवात टाकला. टवका तडतडला. थोरल्याने वास घेतला, मान हलवली आणि नवी डबी खिशात घातली.

जुनी कातार्‍याच्या कमरेला होती.

तिला लेथ लागणार नव्हती. आवाज करतं ते लाकूड नव्हेच, आत कोंडलेली हवा करते. गळ्यावर उभी एक बारीक रेघ कोरली, नखाने ओढल्यासारखी, की हवेला वाट मिळते. झाकण आपल्या जागी घट्ट, आणि उघडताना चकार शब्द नाही. पण गळा झिजलेला होता. त्याने तो ब्रशने पातळ लाखेचा हात देऊन भरून काढला, वाळवला, परत दिला. मग रेघ कोरली. हे सगळं त्याने शेताच्या बांधावर बसून केलं. कामात चाकूची दोन पाती बोथट झाली. मग घरी आला.

*

"घेत नाही," वहिनी म्हणाली. चक्कीची घरघर इथवर ऐकू येत होती, म्हणजे थोरला ओट्यावर होता.

"बघा तरी."

"मागच्या वेळीही बघितली होती."

"साबण नाही."

"मग मेण असेल."

"धुवून बघा."

तिने खरंच धुतली. तिथेच, मोरीत, राख लावून, भांडं घासावं तशी. गळा खसाखसा चोळला. वाळवली. झाकण लावलं, उपडी करून झटकली. पडलं नाही. मग डबी कानाशी नेऊन उघडली. मिटली. दुसर्‍या कानाशी नेऊन उघडली. कातारी घामाघूम होऊन उभा होता. बाजारात कुणाही गिर्‍हाइकाने त्याला इतकं टांगून ठेवलं नव्हतं.

"उद्या वाजली तर?" तिने विचारलं.

"वाजणार नाही."

"परवा?"

"वहिनी, लाकूड आहे तोवर वाजणार नाही."

"माणसाचं काय ते सांगा, भाऊजी. लाकडावर माझा राग नाही."

तिने डबी ठेवून घेतली. आभार मानले नाहीत, हसलीही नाही.

*

संध्याकाळी थोरला खाटेवर बसून गप्पा मारत होता. खुशीत होता. मधूनमधून खिशातली डबी वाजवत होता. कातारी समोर जमिनीवर बसला होता. येताना बायकोने कानात सांगितलं होतं, तिला डबी दिली असेल तर बघून या आत काय ठेवते ते, फुलं नसतील तर दुसरं काही असेल. वहिनी फडताळाला टेकून बसली होती, थोरल्याच्या हाताच्या अंतरावर.

तिने कमरेची डबी काढली. मांडीवर ठेवली.

"तेव्हा बाजारात माझी डबी घ्यायला माणसं रांग लावत," थोरला सांगत होता. "कानाला लावायची आणि..."

वहिनीने झाकण उघडलं. थोरला बोलतच राहिला. तिने मुठीतलं काहीतरी डबीवर आणलं. हात वर होता, अजून मूठ उघडली नव्हती, आणि ती सरळ कातार्‍याकडे बघत होती. बघतोस का, असं विचारल्यासारखी. की बघच, असं म्हटल्यासारखी.

"गप्प का झालास, लहान्या?" थोरला म्हणाला. "काय चाललंय?"

"काही नाही, दादा," कातारी म्हणाला.

आणि त्याने डोळे मिटून घेतले. तसाच बसून कान लावला. काही ऐकू आलं नाही.