विभागप्रमुखांची वेणी

सुवर्णा आहेर दोन वर्षं दर शनिवारी घोटीच्या एका शाळेत जाऊन आठवीच्या मुलींमध्ये शेवटच्या बाकावर बसली. नाशिकच्या कॉलेजात ती इंग्रजीची लेक्चरर. वर्गात मुली इंग्रजी का बोलत नाहीत, हे तिला शोधायचं होतं. सापडलं ते असं : मधल्या सुट्टीत तिची वेणी घालताना त्याच मुली चुकतमाकत, पण धबाधबा इंग्रजी बोलायच्या. हातात पुस्तक दिलं की दातखीळ.

यावर तिने बावीस पानांचा इंग्रजी लेख लिहिला. कॉलेजातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद विभागप्रमुखांमार्फत जावा, असा नियम. प्रमुख डॉ. बोरस्ते "बघतो" म्हणाले. त्यांनी पहिलं पान तेवढं बघितलं. बदलायचं तेवढंच होतं.

१९९९च्या जुलैत हैदराबादहून त्रैमासिकाचा जूनचा अंक आला, त्यात तो लेख. लेखक, डॉ. भिमाजी बोरस्ते. तळाला बारीक टाइपात सुवर्णाचे आभार, टंकलेखनासाठी. टंकलेखन कॉलेज रोडवरच्या एका दुकानात झालं होतं. म्हणजे आभारही खोटेच.

ती अंक घेऊन थेट त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, हे काय आहे?"

"अभिनंदन करायला आलात? बसा."

"हा लेख माझा आहे."

"विभागाचा आहे, मॅडम. नैवेद्य घरात कोणीही रांधो, दाखवायचा कोणी?"

"रांधणारीला ताटावरून उठवून नाही दाखवत, सर!"

"आवाज. बाहेर विद्यार्थी आहेत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पुढच्या लेखात तुमचं नाव दुसरं टाकू. शुक्रवारी माझा सत्कार आहे, सूत्रसंचालन तुम्ही करा."

संतापाने तिचे कान तापले. दोन वर्षं एसटीच्या खटारा गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, ती यांच्या शालीसाठी?

छापून आलेला लेख सत्कारात वाचायचा, अशी विभागाची प्रथा होती. शुक्रवारी शाल, श्रीफळ, प्राचार्यांचे दोन शब्द झाले. मग बोरस्ते माइकवर खाकरले. "घसा बसलाय. आहेर मॅडम वाचतील."

"नको, सर," सुवर्णा माइकशिवायच म्हणाली. "लेखकानेच वाचावा."

टाळ्या पडल्या. बोरस्त्यांना वाचावं लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते स्वतःचा लेख वाचत होते. तिसऱ्या पानावर ते खणखणीत आवाजात इंग्रजीत म्हणाले, "मुलींनी माझे केस सोडले, तेल लावलं आणि दोन वेण्या घातल्या."

सभागृहातल्या सगळ्यांची नजर बोरस्त्यांच्या डोक्याकडे. तिथे ट्यूबलाइट चमकत होती. मग मागून पहिला फिस्सकन आवाज आला आणि छप्पर उडालं.

प्राचार्य मात्र हसले नाहीत. "सर, कोणाच्या वेण्या?"

"माझ्या," सुवर्णा उभी राहिली. "लेखही माझा. वह्या घरी आहेत, तारखांसकट."

"म्हणजे... सहलेखिका आहेत त्या," बोरस्ते पुटपुटले.

"सह नाही. एकटी."

दुसऱ्या दिवशी तिने वह्यांच्या झेरॉक्स आणि पत्र रजिस्टर पोस्टाने संपादकांना धाडलं. कोणाच्याही मार्फत नाही, स्वतः.

डिसेंबरच्या अंकात शेवटच्या पानावर दोन ओळींचं शुद्धिपत्र आलं : लेखिका सुवर्णा आहेर, डॉ. बोरस्ते यांचं नाव अनवधानाने. हे वाचूनही तिचा राग उतरला नाही. अनवधानाने!

त्याच दुपारी कॉलेजचा मेमो आला. विभागप्रमुखांना डावलून परस्पर पत्रव्यवहार केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

तिने कागद घेऊन एका ओळीत खुलासा लिहिला : "होय, केला, पुढचा लेखही असाच पाठवणार आहे." खाली पूर्ण नाव, ठळक. आणि मेमो, खुलासा, शुद्धिपत्र हे तिन्ही विभागाच्या सूचनाफलकावर चार-चार टाचण्या मारून लावले.